सोमवारी न येणारा देवदूत

टटलांच्या बैठकीच्या खोलीत अठरा माणसं बसतील एवढी जागा होती आणि त्या गुरुवारी तिथे एकेचाळीस बसली होती. उरलेली स्वयंपाकघरात आणि जिन्यावर होती, एक जण तर सरपणाच्या पेटीत. सगळ्यांचे डोळे दक्षिणेकडच्या खिडकीशी बसलेल्या एका माणसाकडे लागले होते, आणि त्या माणसाचं तोंड टोपीत होतं.

टोपीत म्हणजे खरोखरच टोपीत. एलीफालेट क्रँडल आपली उंच पांढरी टोपी खिडकीच्या दिशेने आडवी धरी, तिच्यात अंड्याएवढा एक तपकिरी दगड टाकी आणि मग कानापर्यंत आत शिरे. आतल्या काळोखात देवदूत येतो, दगड पेटतो आणि त्यावर अक्षरं उमटतात, असं त्याचं म्हणणं. शेजारच्या टेबलावर फडक्यात बांधलेली पेटी असे. टेकडी खणून काढलेल्या तांब्याच्या पाट्या तिच्यात होत्या, आणि त्या पाट्यांवर ह्या भूमीवरच्या पुरातन लोकांचा इतिहास कोरलेला होता. पाट्यांकडे बघणारा जागच्या जागी आंधळा होणार होता, म्हणून त्या कुणी पाहिल्या नव्हत्या. अकरा सभ्य गृहस्थांनी मात्र सही करून दिलं होतं की फडकं आम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

वाचायलाही क्रँडल पेटी उघडत नसे. दगडाला सगळं आतून दिसे. मग पाट्या एवढ्या कष्टाने खणायच्या कशाला, हा प्रश्न ओनायडा सरोवराच्या काठच्या त्या वस्तीत कुणाला पडला नव्हता. तीन वर्षांपूर्वी पश्चिमेकडच्या एका गावी सोन्याच्या पाट्यांवरचा धर्मग्रंथ निघाल्याची बातमी आली होती, आणि तेव्हापासून इकडे नांगराला दगड लागला तरी लोक आधी तो वाचून बघत.

"तेव्हा राजा हाझोराम आपल्या प्रजेसह महाजलाच्या काठी आला," टोपीतून आवाज आला. टोपीमुळे तो विहिरीत पडलेल्या माणसासारखा येई, आणि त्यामुळे जास्तच पवित्र वाटे. "मागे शत्रू होता आणि पुढे पाणी. तेव्हा ते पाणी थिजून खडकासारखे झाले, आणि लेकरे व गुरे घेऊन प्रजा त्यावरून चालू लागली."

टेबलाशी बसलेला ऑरिन टटल, म्हणजे घराचा मालक, पिसाच्या लेखणीने हे भराभर उतरवून घेत होता. दोन महिन्यांत त्याने दोनशे बारा पानं लिहिली होती. त्याआधीच्या चौतीस वर्षांत त्याने लिहिलं होतं एक पत्र.

क्रँडलने टोपीतून तोंड बाहेर काढलं. कपाळावर टोपीच्या काठाचा लाल वळ उठला होता. बायका त्या वळाला प्रभेची खूण म्हणत.

"येत्या मंगळवारी," तो हळूच म्हणाला, "आपणही."

"आपणही काय?" जोथम बीबीने विचारलं. वस्तीतला सगळ्यात मोठा आवाज आणि सगळ्यात मोठे बैल त्याचे.

"सरोवर ओलांडायचं, जोथमभाऊ. राजा हाझोराम गेला तसं, बर्फावरून. पलीकडच्या टेकडीत त्याचं नगर आहे. आपली गेलेली माणसं तिथे वाट बघतायत."

"गुरांसकट?"

"गुरांसकट."

"आणि तुम्ही?"

"मी मागून येईन. कुणीतरी इथल्या जमिनी राखायला हव्यात." जमिनी सोयीसाठी आधीच त्याच्या नावे झाल्या होत्या. परमेश्वराच्या नगरीत जाणाऱ्याला एवढं ओझं कशाला?

स्वयंपाकघराच्या दारात अझूबा टटल हातात डाव घेऊन उभी होती. मार्चची तेवीस तारीख होती. सरोवराच्या काठी वाढलेल्या कुठल्याही बाईला, मार्च संपत आला की तिथलं बर्फ कसं काळं पडून पातळ होतं ते ठाऊक असतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. ऑरिनचे डोळे भरून आले होते आणि तो हसत होता.

धारा काढायच्या वेळी ती गोठ्यात त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मुलींना मी पाठवणार नाही."

"तू पाठवतेस कुठे? मी नेतोय."

"ऑरिन, फिलीना चार वर्षांची आहे. बर्फ फुटलं तर तिला ओरडताही येणार नाही."

"फुटणार नाही. पानावर लिहिलंय."

"तूच लिहिलंयस ते."

"मी फक्त उतरवलं." गाईच्या पोटाला डोकं टेकून तो धार काढत राहिला. मग त्याच गाईला सांगावं तसा म्हणाला, "सायलस तिकडे आहे, अझूबा."

सायलस त्यांचा मुलगा. दोन वर्षांचा होता. ऑक्टोबरात त्याचा घसा सुजला आणि तीन दिवसांत तो गेला. त्या दिवसापासून ऑरिन बोलायचा बंद झाला होता. क्रँडल त्यांच्या घरी उतरला तेव्हा कुठे तो पुन्हा बोलू लागला, आणि म्हणूनच अझूबाने दोन महिने क्रँडलला ऊन जेवण वाढलं होतं, शिवाय सफरचंद भरून भाजलेल्या गोड पायचा मोठा तुकडा.

"माझाही मुलगा होता तो," ती म्हणाली.

"मग चल की."

"आणि नाही आले तर?"

"तरी मुली येतील. पोरी बापाच्या असतात. कायदा आहे तसा." हे तो रागाने म्हणाला असता तर बरं झालं असतं. तो प्रेमाने म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ती थोरल्या अल्मायराला घेऊन प्रॅटकाकूंकडे गेली. मर्सी प्रॅट ही वस्तीच्या टोकाला राहणारी शाळामास्तरांची विधवा. ती क्रँडलच्या बैठकीला कधी गेली नव्हती, कारण तिच्या मते टोपीत तोंड घालणाऱ्या माणसाने आधी तोंड धुवावं. एवढ्या एका मतावर अझूबाने आशा ठेवली होती. दुसरं काही शिल्लक नव्हतं.

"मी काय करू?" प्रॅटकाकू म्हणाली. "तुझ्या नवऱ्याला बांधून ठेवू? माझा स्वतःचा नवरा मला चाळीस वर्षांत बांधता आला नाही. ह्या पोरीला काय झालंय? पुटपुटतेय काय?"

नऊ वर्षांची अल्मायरा चुलीशी बसून, इतर मुली गाणी म्हणतात तसा धर्मग्रंथ म्हणत होती. रोज ऐकून तिचा तो पाठ झाला होता. "'आणि हाझोरामाचा घोडा पांढरा होता, आणि त्याचा डावा कान...'"

"'फाटलेला होता, आणि तो केवळ राणीच्या हातून ओट खाई,'" प्रॅटकाकूने वाक्य पुरं केलं.

अल्मायरा थांबली. अझूबाही.

"काकू, तुम्ही तर बैठकीला येत नाही."

"बैठकीला कशाला येऊ? हे आमच्या मास्तरांचं आहे." म्हातारी जागची उठली. "अकरा हिवाळे लिहीत होता मेला. पुरातन राजा, पुरातन लढाया. लिहून झालं की मला वाचून दाखवायचा. तो घोडा आमचाच. कान कुंपणाच्या तारेने... नाही, कुत्र्याने फाडला होता. पुरातन म्हणे. गेल्या वर्षी तर मेला तो घोडा."

"मग क्रँडलकडे कसं आलं?"

"दोन वर्षांमागे आला होता की तो इथे. म्हणे तुमच्या कुरणात स्पॅनिश चांदी पुरलीय. तीन आठवडे माळ्यावर राहिला, रोज पाच वेळा जेवला. खणताना कुणी बोलायचं नाही, बोललं की हंडा जमिनीत खाली सरकतो. अकरा फूट खणलं आणि मी शिंकले. शिंकेचं निमित्त धरलं त्याने, हंडा गेला म्हणाला. माळ्यावर मास्तरांची ट्रंक होती. मी नंतर उघडून बघितली नाही. कशाला बघू? पुन्हा वाचावं लागलं असतं."

अझूबाने तिचा हात धरला. "काकू, राजा बर्फावरून जातो. पुढे काय होतं?"

"बुडतात."

"कोण?"

"सगळे. राजा, राणी, घोडा. बर्फ फुटतं. मास्तर म्हणाले, मर्सी, हे ऐकून तुला रडू येईल. मला झोप लागली होती. शेवट त्यांनी मला सकाळी पुन्हा ऐकवला."

म्हणजे क्रँडल रोजचं पान रोज वाचत होता आणि पुढचं पान त्याने उघडूनही पाहिलं नव्हतं. साठ माणसं अशा माणसाच्या शब्दावर सरोवरात निघाली होती ज्याला स्वतःच चोरलेलं पुस्तक पुरं वाचण्याचा कंटाळा होता.

पण हे पटणार कुणाला? विधवेचं बोलणं, पुरावा ट्रंकेतून गेलेला. घरी परतताना अझूबा विचार करत होती की तो वाचतो कसा. हातात कागद नसतो, डोकं तर टोपीत. आणि वाटेत, कुणाच्या तरी दोरीवर वाळणारा शर्ट बघून ती थबकली.

देवदूत सोमवारी येत नसे. हे वस्तीत सर्वांना माहीत होतं आणि त्याची कारणंही सर्वांना माहीत होती. रविवारच्या प्रार्थनांनी तो थकतो, असं बायकांचं मत. सोमवार हा चंद्राचा वार आणि चंद्र पोपचा, असं जोथमचं. अझूबाला आता तिसरं कारण सुचलं. सोमवार धुण्याचा वार होता. साऱ्या वस्तीच्या चादरी सोमवारी बाहेर पडत, आणि तिची दोरी दक्षिणेच्या खिडकीसमोर होती. फेब्रुवारीत ती तापाने पडली होती तो सोमवार तिला आठवला. धुणं झालं नाही, आणि देवदूत नेमका त्या दिवशी आला. लोक म्हणाले, आजारी घरावर कृपा झाली.

शनिवारी सकाळी तिने चादरी उकळायला टाकल्या.

जोथमची बायको कुंपणाशी थांबली. "अझूबा, आज शनिवार. शनिवार पाव भाजण्याचा."

"माहीत आहे."

"शनिवारी धुणं? बरं नाही का वाटत?"

"पोरीने अंथरूण ओलं केलं."

"सहा चादरी?"

"मोठं स्वप्न पडलं होतं तिला."

सहा ओल्या चादरी खिडकीसमोर दारांसारख्या गोठून उभ्या राहिल्या. आत क्रँडलने तोंड टोपीत घातलं. काढलं. पुन्हा घातलं. मग तो म्हणाला की ह्या घरात सैतानाचा वास येतो. लोकांनी हुंगून बघितलं. साबणाचा वास येत होता.

रविवारी त्याला नवी आज्ञा झाली. सोमवारी, निघण्याच्या आदल्या दिवशी, कुणीही धुणं धुवायचं नाही. सैतान साबणाच्या फेसात राहतो. "आमेन," वस्ती म्हणाली. वस्तीतल्या पुरुषांपैकी काही जण साबणाबद्दल हे बऱ्याच वर्षांपासून म्हणत होते.

अझूबाने सोमवारी धुणं काढलं नाही. ऊन मात्र पडावं म्हणून तिने पहाटेपासून प्रार्थना केली, आणि ती चुकून मान्य झाली. शेवटच्या बैठकीला सगळी वस्ती लोटली. बाहेर घसरगाड्या भरून तयार होत्या. फिलीना आपली चिंध्यांची बाहुली ब्लँकेटात गुंडाळून सगळ्यांना सांगत होती की आम्ही सायलसला आणायला जातोय.

अझूबा खोलीच्या मधोमध येऊन उभी राहिली.

"क्रँडलभाऊ, एक विचारायचंय. उजेड दगडातून येतो ना?"

"दगडातून, भगिनी."

"काळोखात?"

"निबिड काळोखात."

"मग माझ्या चादरींची अडचण काय होती?"

क्रँडल दयाळूपणे हसला. "आत्म्याला अस्वच्छतेचं वावडं आहे."

"घरात तेवढी एकच गोष्ट स्वच्छ होती. तुम्ही चालू करा. मी बाहेर उभी राहते. बाईमाणूस उजेडात उभं राहिलं तर आत्म्याला चालतं?"

"अझूबा," ऑरिन पडल्या आवाजात म्हणाला, "नको करूस हे."

"एकदाच, ऑरिन. काही झालं नाही तर मी तुमच्याबरोबर येते. मुलींना माझ्या हाताने शाली बांधते."

ती घराला वळसा घालून गेली. बर्फात गुडघाभर पाय रुतत होते. काचेतून आतलं काही ऐकू येत नव्हतं. प्रॅटकाकू आयुष्यात पहिल्यांदा बैठकीला आली होती आणि मुद्दाम खिडकीजवळ बसली होती. आवाज सुरू असेल तोवर काठी वर, थांबला की खाली, असं दोघींचं ठरलं होतं.

काठी वर होती. अझूबाने अंगावरचा जाड झगा दोन्ही हातांनी पसरला आणि ती खिडकीपुढे सरकली. काठी खाली आली.

ती बाजूला झाली. काठी वर.

पुन्हा पुढे. खाली.

बाजूला. वर.

आठ वेळा. जात्याचा खुंटा धरून कुणी फिरवावं-थांबवावं, तसा तो प्रेषित चालत होता नि थांबत होता. नवव्या वेळी, ती काचेला नाक लावून उभी होती तेव्हा, तिला टोपीचं बूड दिसलं. खोलीच्या बाजूने ते धड होतं. खिडकीच्या बाजूने त्याला दाराएवढी नाही, पण तळव्याएवढी एक झडप कापलेली होती. झडपेआड दुमडलेल्या कागदाची कड होती आणि एक डोळा. डोळा तिच्याकडे बघत होता. आयुष्यात इतकं घाबरलेलं काही तिने पाहिलं नव्हतं, आणि तिने मरणारं मूल पाहिलं होतं.

ती आत आली तेव्हा ऑरिननेच टोपी ओढून घेतली होती. दगड घरंगळत चुलीखाली गेला. अस्तरात मास्तरांच्या हस्ताक्षरातले सात कागद टाचलेले होते. प्रॅटकाकूने अक्षर ओळखलं आणि ती काही वेळ बोलली नाही. वस्तीत तो विक्रम होता.

"पुढचं पान वाच," अझूबा अल्मायराला म्हणाली. "जे अजून त्यांनी वाचलं नाही ते."

अल्मायराने उभं राहून, शाळेत वाचतात तसं स्वच्छ वाचलं. "'तेव्हा बर्फ तडकले, आणि प्रथम लेकरे गेली, कारण ती पुढे धावत होती. मग राणी. मग पांढरा घोडा. राजा हाझोराम सर्वांत शेवटी गेला, आणि त्या जलावर कुणी उरले नाही.'"

कुणीतरी पेटी फोडली. फोडताना अकराही साक्षीदारांनी डोळे मिटून घेतले. आत नांगराचा गंजका फाळ आणि वाळू होती. ह्या गडबडीत क्रँडल मागच्या दाराने गेला, आणि जाता जाता सफरचंदाचा अख्खा पाय उचलून घेऊन गेला.

इथे गोष्ट संपायला हवी होती. संपली नाही.

"मला वाटतं," जोथम बीबी म्हणाला, "देवाने ते आधी मास्तरांना दाखवलं असेल. चोराच्या हाताने आलं म्हणून वचन खोटं कसं?"

आणि माना हलू लागल्या. लोकांनी जमिनी लिहून दिल्या होत्या, शेतीची अवजारं विकली होती. एवढ्या मोबदल्यात त्यांना काहीतरी खरं हवंच होतं. अझूबाने ऑरिनकडे पाहिलं. तो आपली दोनशे बारा पानं छातीशी धरून उभा होता.

"मग सायलस?" त्याने तिला विचारलं. फक्त तिला.

तिला त्याचं उत्तर सुचलं असतं तर तीही प्रेषित झाली असती.

"सायलसचं मला माहीत नाही," ती म्हणाली. "पण हे ऐका सगळे. ते पुस्तक खोटं असेल तर उद्या सरोवरावर जायचं कारण नाही. आणि खरं असेल तर त्यात लिहिलंय की आपली पोरं बुडतात. जोथमभाऊ, यातलं कुठलं धरून तुम्ही निघताय?"

जोथमने विचार केला. त्याचा विचार बाहेरून दिसे. "तरी पण," तो म्हणाला.

मंगळवारी सकाळी त्या 'तरी पण'ने नऊ घसरगाड्या काठावर आणून उभ्या केल्या. ऑरिनची त्यात होती. मुली घोंगड्यांत बसल्या होत्या. अझूबा घोड्याचा लगाम धरून उभी होती. तो सोडायचा नाही, एवढंच तिने ठरवलं होतं. बर्फाची जाडी मोजायला क्रँडलने आधीच बंदी घातली होती. मोजणं म्हणजे संशय, आणि संशयाने बर्फ पातळ होतं.

ऑरिन खाली उतरला. तिला वाटलं, लगाम सोडवायला येतोय. त्याने गाडीतून कुऱ्हाड घेतली आणि तो एकटाच बर्फावर चालत गेला. तीस पावलं. चाळीस. मग त्याने कुऱ्हाड उचलली. एरवी मासे धरायला भोक पाडायचं तर हिवाळ्यात वीस घाव लागत. ऑरिनने एक घातला, आणि कुऱ्हाड हातातून निसटून पाण्यात गेली.

तो पोटावर झोपून, इंच इंच सरकत परत आला. त्याने हात वर करून सगळ्यांना दाखवला.

"दोन बोटं," तो म्हणाला, आणि बर्फातच बसून रडू लागला. ऑक्टोबरानंतर पहिल्यांदा.

जोथमने बैल वळवले. तो सांगत सुटला की दोन बोटांचा संशय त्याला आधीपासून होता.

क्रँडल पुढे कुठल्या गावी गेला ते कळलं नाही, पण टोपी नवी घेतली असेल. म्हणून एवढंच सांगायचं. दुःखी माणसाला खोटं विकणं सोपं असतं, त्याला घाई असते. त्याला हसू नका, त्याच्यासोबत चालत काठापर्यंत जा. आणि कुणी म्हणालं की मोजू नकोस, बघू नकोस, विचारू नकोस, तर पाय टाकण्याआधी तिथे मोजा. कारण बर्फाला तुमची श्रद्धा किती जाड आहे हे कळत नाही. त्याला फक्त तुमचं वजन कळतं.